गाडी आपली निघाली की शेजारची?

गाडी स्टेशनात उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी हळूच सरकते आणि आपल्याला वाटते, निघालो एकदाचे! पलीकडचा खांब जागच्या जागी दिसला की फसगत कळते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने 1875 मध्ये अशा भासांवर लिहून ठेवले आहे.

आपण हलतो आहोत हे मेंदूला मुख्यतः दोघे सांगतात, डोळे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव. वेग वाढला किंवा कमी झाला की कानाला कळते. एकसारख्या चालीची त्याला खबर नसते. तिथे मेंदूची भिस्त डोळ्यांवर.

हा भास एका डोळ्यानेही होतो. पण दोन डोळ्यांत सुमारे 6 सेंटिमीटर अंतर असल्याने प्रत्येकाला थोडे वेगळे चित्र दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू जवळचे-लांबचे ठरवतो. अशी खोली दिसली की पुढे सरकत असल्याची जाणीव अधिक ठळक होते, असे प्रयोगांत आढळले आहे.

दोन डोळ्यांची ही जोडी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी पारखली होती. फळीवर मेणाचे छोटे खांब उभे करून ते एकावर नजर रोखत. मागचा-पुढचा खांब दुहेरी दिसे. ‘किताब अल-मनाझिर’मध्ये हा प्रयोग आहे. घरी दोन बोटे एकामागे एक धरून मुलांना दाखवा, त्यांना गंमत वाटेल.

पण काही मुलांना ही गंमत दिसतच नाही. एक डोळा तिरळा किंवा कमजोर असेल तर मेंदू त्याचे चित्र बाजूला टाकू लागतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरे काही ठाऊकच नसते. वर आपण म्हणतो, तिरळा डोळा नशीबवान! हे म्हणणे आता सोडून द्यावे. खेळता खेळता मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाका. एक झाकला की ते चिडते आणि दुसरा झाकला तर काहीच नाही, असे असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे न्या. खेळात काही जाणवले नाही तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा उपचार साधारण सात वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. मूल मोठे असले तरी विचारून पाहावे.

घरात दादीच्या एकाच डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, तर दुसऱ्याचे होईपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणारी रंगीत पट्टी लावा. शेवटची पायरी हमखास चुकते.