दोन वर्षांचे मूल आणि समीक्षेचे सोवळे

मराठी साहित्यातले मूल पाच-सहा वर्षांचे होऊनच जन्माला येते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आत्मचरित्र असो वा आत्मचरित्राच्या अंगाने जाणारी कादंबरी, लेखकाला जिथपासूनचे आठवते तिथून बालपण सुरू होते. त्याआधीचा काळ ‘मी लहानपणी फार हट्टी होतो म्हणे’ अशा एखाद्या ऐकीव वाक्यात उरकला जातो. या ‘म्हणे’च्या मागे कोणी तरी हजाराहून अधिक वेळा मऊ भात कालवलेला असतो, जवळजवळ तितक्याच वेळा तो जमिनीवरून गोळा केलेला असतो, आणि तापाच्या रात्री कपाळावर पट्ट्या ठेवत जागून काढलेल्या असतात. हे करणारी व्यक्ती कोण, तिला त्या वेळी काय वाटत होते आणि त्याविषयी आपल्या गद्यात एवढी शांतता का, हे प्रश्न आपण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक सहसा विचारत नाही. माझे म्हणणे असे की ही शांतता आपोआप पडलेली नाही. समीक्षेने पाळलेल्या सोवळ्यातून ती आली आहे.

शांतता म्हटले की पहिला आक्षेप ‘श्यामची आई’चा येणार. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या सावलीबद्दल. मुलगा मोठा झाला, आई गेली, मग रात्री-रात्रींतून तिची आठवण सांगितली गेली. ही रचना त्या पुस्तकाची गरज होती. पुढे मात्र आई साहित्यात येण्याची जणू तीच अट होऊन बसली. आई भूतकाळात गेली की थोर होते. वर्तमानकाळात, एका हाताने कुकरची शिटी काढताना दुसऱ्या हाताने मुलाच्या तोंडातला खडू ओढून काढणारी, त्याच्यावर ओरडून लगेच त्याला छातीशी धरणारी बाई मात्र गद्यात आली की तिला आपण ‘घरगुती’ म्हणतो.

दुसरी अट याहून कठोर आहे. लहान मूल मेले की मराठी गद्य गंभीर होते. ‘कोसला’तले (१९६३) मनीच्या मृत्यूचे प्रकरण आपण वर्गात पुनःपुन्हा शिकवतो, आणि ते शिकवावे असेच आहे. पण नाक वाहणारे, पायात पाय अडकून पडणारे, चौथ्यांदा तीच गोष्ट सांग म्हणणारे जिवंत मूल आमच्या वाङ्मयीन मूल्यांना पुरेसे वाटत नाही. लघुनिबंधात ते आले ते बहुधा वडिलांच्या वर्तमानपत्रावर शाई सांडून विनोद पुरवण्यासाठी. निबंध संपेपर्यंत शाई कोणी पुसली ते कळत नाही.

या मूल्यव्यवस्थेचे एक आवडते वाक्य आहे: ‘लेखिकेचे अनुभवविश्व मर्यादित आहे.’ चार भिंती म्हणजे मर्यादा, हे गृहीतच. गंमत अशी की पुरोगामी बाजूनेही या विषयाची सुटका केली नाही. ‘चूल आणि मूल’ हे शब्द बाईच्या कोंडीचे नाव म्हणून आले, ते रास्तच होते. परंतु ज्यातून सुटायचे त्याचे वर्णन करणे म्हणजे त्यात अडकणे, अशी समजूत त्याबरोबर रुजली. परंपरावाद्यांनी मुलाला देवाचे रूप करून गप्प केले आणि आपण त्याला बेडी समजून गप्प केले.

‘तिथे घडते काय? रोज तेच ते’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे तरी कशाचे पुस्तक आहे? दरवर्षी येणाऱ्या त्याच बारा महिन्यांचे. तेच झाड, तोच आषाढ, पण पाहणाऱ्याची नजर जागी असेल तर पुनरावृत्ती हाच विषय होतो, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले. दुर्गाबाईंनी मुलांवर लिहायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. पण झाडाला जे लक्ष मिळाले ते दोन वर्षांच्या मुलाच्या घराला का मिळू नये? त्या घराचेही ऋतुचक्र असते. आषाढात दुपटी-लंगोट वाळत नाहीत. बैठकीच्या खोलीत दोऱ्या येतात आणि आलेल्या पाहुण्याला ओल्या झबल्यांखालून वाकून बसावे लागते. भाद्रपदात गणपती येतो. गेल्या वर्षी जे मूल मांडीवर झोपून होते ते या वर्षी आरतीच्या तबकावर झेपावते, आणि विसर्जनानंतर रिकाम्या पाटाशी उभे राहून बाप्पा कुठे गेला ते विचारते. आपण ‘गावाला गेला’ म्हणतो. अनुपस्थितीबद्दलचे मुलाला मिळालेले ते बहुधा पहिले उत्तर, आणि ते खोटे असते. दिवाळीत पहाटे झोपेतून उचलून लावलेले उटणे, फटाक्याच्या आवाजाने आईच्या मानेत खुपसलेले तोंड. वैशाखात घामोळ्या आणि कोपरापर्यंत ओघळलेला आंबा. वर्ष फिरून येते, पण मूल फिरून तेच येत नाही. सण इथे मोजपट्टीचे काम करतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधी तरी होणारे बोरन्हाण घ्या. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरे, उसाचे करवे, चुरमुरे. शेजारची मुले खाऊ गोळा करायला तुटून पडतात आणि ज्याचे कौतुक ते मूल अनेकदा मधोमध बसून भोकाड पसरते. मोठी माणसे हसतात, छायाचित्रे काढतात. काकाला पापी दे, आत्याला नाच करून दाखव, कावळा कसा करतो? जमलेल्या गोतावळ्यात मूल पहिल्यांदा रंगमंचावर येते, आणि नकार दिला तर ‘आज मूड नाही त्याचा’ असे त्याच्या वतीने कोणी तरी सांगून टाकते. समाजाने माणसाला ताब्यात घेण्याची ही प्रक्रिया तुमच्या-आमच्या दिवाणखान्यात चालते. तिच्यावर एखादी दीर्घकथा का नसावी?

भाषेच्या शिक्षकांसाठी तर या घरात खजिनाच आहे. मराठीत ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे. ‘बाळ’, ‘लेकरू’, ‘पोर’ हेही तसेच. ‘आलं का माझं बाळ?’ या प्रश्नात मुलगा की मुलगी हा भेदच नाही. व्याकरणाने काही काळ दिलेली ही सवलत मग काढून घेतली जाते. दिवसभर आई आणि आजीजवळ असणारा दोन-अडीच वर्षांचा मुलगा ‘मी येते’, ‘मी खाते’ म्हणू लागतो. त्याने ऐकलेले ‘मी’चे क्रियापद तेच असते, म्हणजे त्याचा तर्क अचूक आहे. रोजच्या घरात हे सहज चालते. मग दिवाळीला सगळे जमतात, मुलगा दारातून ‘मी आले!’ म्हणत धावत येतो आणि हशा पिकतो. ‘मुलगी आहेस का रे तू? आलो म्हण, आलो!’ मुलाला हशाचा अर्थ कळत नाही, पण काही तरी चुकले हे कळते. चार दिवसांत ‘आलो’ पक्के होते. लिंगभावावर आपण इतके चर्चासत्रीय गद्य लिहिले. तो कर्तरी प्रयोगातून, फराळाच्या ताटाभोवती, हसत-हसत कसा शिकवला जातो याचे एक बारीक चित्र मराठी कथेत माझ्या वाचनात आलेले नाही. बोबडे बोल म्हणून आमचे लेखक ‘र’चा ‘ल’ करून मोकळे होतात.

खरे तर मराठी मूल जी पहिली गोष्ट ऐकते ती याच विषयावर आहे. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीचे दार वाजवतो. आत चिमणी काय करत असते? बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, झोपवते. कथेचा सगळा ताण बालसंगोपनाच्या कामांच्या यादीवर उभा आहे. ती कामे सबब आहेत की खरी निकड, हे गोष्ट सांगत नाही. ज्यांनी पावसाळ्यात एकट्याने मूल सांभाळले आहे त्यांना ठाऊक आहे की दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. या गोष्टीचे एक रूप तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त सापडते. म्हणजे आद्य गद्यग्रंथात जिला जागा मिळाली, तिची आजच्या गद्यात अडचण होते.

जात्यावर बायांना ही अडचण नव्हती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या. त्यांत मूल वर्तमानकाळात आहे, कारण ओवी गाणारीच्या मांडीशी ते तेव्हा खरोखरच असे. पण या ओव्या आपण लोकसाहित्याच्या पेपरला दिल्या. ताराबाई मोडकांनी मुलांकडे ज्या नजरेने पाहिले ती शिक्षणशास्त्राला दिली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ धर्मांतर, टिळकांचा स्वभाव आणि विनोद या तीन खुंट्यांवर टांगली. उरलेसुरले बालसाहित्याला. विभागांची अशी वाटणी झाल्यावर ‘साहित्या’कडे मूल कुठून उरणार?

इथे एक सावधगिरी हवी. वर मी उटणे आणि हलव्याचे दागिने लिहिले, ते सर्वांच्या घरचे नाहीत. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ (१९८६) वाचणाऱ्याला महारवाड्यातल्या बाळंतिणीची भूक विसरता येत नाही. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) नोकरी, शिक्षण आणि मुले यांची ओढाताण आहे. ‘मर्यादित अनुभवविश्वा’चा शिक्का या पुस्तकांपुढे टिकत नाही. तरीही आपण ती जात आणि स्त्रीवाद या सदरांखाली शिकवतो. अंगावर पिणारे मूल तिथेही तळटीप होते.

आता एक व्यावहारिक गोष्ट. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी साहित्याचा मोठा हंगाम दिवाळीला बांधलेला आहे. अंकासाठी मजकूर मागवला जातो तो साधारण आषाढ-श्रावणात, म्हणजे दोऱ्यांवर दुपटी असतात, मुलाला सर्दी असते आणि पुढे सणांची रांग उभी असते तेव्हा. संपादकांनी एखाद्या वर्षी ही मुदत फाल्गुनात ठेवून पाहावी, आणि मजकूर मागवताना तो पूर्ण कथेच्या आकारात हवा असा आग्रह धरू नये. मूल दुपारी झोपते तो वेळ पाऊण तासाचा असतो.