नडगी दुखते, मग भरतीचे काय?



पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी कुणकुण लागली की आमच्या भागातली मैदाने फजरनंतर लगेच भरू लागतात. त्यात आपली मुले असतात आणि अलीकडे आपल्या मुलीही असतात, ही अल्लाहची मेहरबानीच म्हणायची. पण महिना-दीड महिना गेला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, "टीचर, पायाची नडगी दुखते म्हणते. घरी बसवावे का?"

हा प्रश्न मुलाबद्दल असतो तेव्हा तो उपचाराचा असतो. कुठला डॉक्टर, कुठले मलम, किती दिवस. मुलीबद्दल असतो तेव्हा मात्र बऱ्याचदा निकाल आधीच लागलेला असतो. "पळायचे काम आपले नव्हेच, शरीरानेच सांगितले," असे म्हणून बूट माळ्यावर जातात, आणि चार-सहा आठवड्यांत बरी होणारी दुखापत वर्षभराची मेहनत घेऊन जाते. म्हणून या महिन्याचा मजकूर त्या नडगीवर.

दुखते ते काय?

शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. पात्र ठरायला यातले निम्मे तरी मिळवावे लागतात. साहजिकच सगळा जोर धावण्यावर जातो. जी मुलगी दहावीनंतर कधी पळाली नाही, ती पहिल्याच आठवड्यात रोज चार-पाच किलोमीटर पळू लागते, तेही डांबरी रस्त्यावर, भावाच्या जुन्या बुटात.

धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. १६०० मीटरमध्ये अशी हजाराहून अधिक पावले पडतात. हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. भार वाढला की ते स्वतःला नव्याने बांधते. पण भिंतीला नवा गिलावा करण्याआधी जुना खरवडून काढावा लागतो, तसे हाडातही आधी जुना भाग काढला जातो आणि मग नवा भरतो. या मधल्या आठवड्यांत भिंत उघडी असते. नेमक्या त्याच काळात आपण रोज ठोकत राहिलो, तर दुखणे सुरू होते. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात ठणका लागतो. याला डॉक्टर आणि मैदानावरचे प्रशिक्षक 'शिन स्प्लिंट' म्हणतात. धावण्याची नवी सुरुवात करणाऱ्यांत ही अगदी नेहमीची दुखापत आहे. यात लाजण्यासारखे काही नाही आणि तो मुलीच्या नाजूकपणाचा पुरावाही नाही. सैन्यात भरती झालेल्या जवानांनाही प्रशिक्षणात ती होते.

साधे दुखणे आणि धोक्याचे दुखणे

नडगीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखते, धावायला सुरुवात केल्यावर जास्त दुखते आणि विश्रांतीने उतरते, तर बहुधा ते शिन स्प्लिंट असते.

पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर जीव कळवळतो, रात्री झोपेतही ठणकते, साधे चालतानाही दुखते किंवा एका पायावर उडी मारता येत नाही, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा सराव त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून मुलाला पुन्हा मैदानावर पाठवू नका. दुखणे तसेच असेल तर पुन्हा दाखवा. डॉक्टर गरज वाटल्यास एमआरआय सांगतात.

तीन गोष्टी टाळाव्यात. पहिली, हाडावर जोर लावून केलेली मालिश. पोटरीला हलक्या हाताने तेल लावणे वेगळे आणि दुखऱ्या हाडावर अंगठा रुतवणे वेगळे. दुसरी, गोळी खाऊन धावणे. वेदनाशामक गोळीने हाड बरे होत नाही, फक्त धोक्याची घंटा बंद होते. वर उन्हात, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास देतात. तिसरी, "पळत राहा, आपोआप मोडेल" हा मैदानावरचा सल्ला. मोडते खरे, पण कधी कधी हाडच.

विश्रांती पायाला द्यायची, माणसाला नव्हे

बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग आहे. हज्जच्या वेळी हजरत उम्मे सलमा (रजि.) आजारी होत्या. चालून तवाफ करणे त्यांना जमत नव्हते. तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना लोकांच्या मागून, सवारीवर बसून तवाफ करायला सांगितले. तवाफ सुटला नाही, फक्त त्याची रीत बदलली. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर कुशीवर, हेही आपण लहानपणापासून शिकतो. दुखापतीकडे याच नजरेने पाहावे. धावणे थांबेल, पण तयारी थांबायचे कारण नाही.

पूर्ण बिछान्यावर पडून राहिले तर दोन-तीन आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो आणि पोटऱ्या-मांड्यांची ताकद उतरते. मग मुलगा बरा होऊन मैदानावर येतो, पहिल्यासारखे पळायला जातो आणि पुन्हा जखमी होतो. हे चक्र तोडायचे असेल तर पायावर आपटणारा भार न टाकता बाकीचे शरीर कामात ठेवावे. चीर असेल तर काय करायचे हे डॉक्टरच ठरवतील. साध्या शिन स्प्लिंटमध्ये पुढील गोष्टी करता येतात.

*सायकल.* दम टिकवण्यासाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय. सीट इतकी उंच ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. आधी २० मिनिटे, मग हळूहळू ४० मिनिटे. मध्ये मध्ये एक मिनिट जोरात, दोन मिनिटे सावकाश. मुलींनी ओढणी किंवा बुरख्याचा घोळ साखळीत जाणार नाही अशी तजवीज करूनच निघावे.

*पाणी.* पोहता येत असेल तर याहून चांगले काही नाही. कमरेला तरंगणारा पट्टा बांधून, तळाला पाय न टेकवता पाण्यात धावण्याची क्रिया केली तर दम लागतो आणि नडगीला धक्का मात्र बसत नाही. शहरात काही तलावांवर महिलांसाठी वेगळी वेळ असते, चौकशी करावी. गावाकडे विहिरीत पोहणारे असतातच, पण एकट्याने कधीही उतरू नये.

*ताकद.* घरात, चटईवर होणारे काम. पाठीवर झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, कुशीवर झोपून पाय वर घेणे. ठणका कमी झाला की भिंतीला धरून दोन्ही टाचा सावकाश उचलणे आणि त्याहून सावकाश खाली आणणे, १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पोटरी मजबूत झाली की तीच हाडावरचा भार वाटून घेते.

*गोळा.* मुलांसाठी ७.२६० किलो, मुलींसाठी ४ किलो. या १५ गुणांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पाय दुखतो त्या दिवसांत स्टुलावर बसून, मग जागेवर उभे राहून खांदा, कोपर आणि मनगटाची क्रिया घोटून घ्यावी.

*पुस्तक.* लेखी परीक्षा १०० गुणांची आहे. मैदानावरचे वाचलेले दोन तास अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरणाला द्यावेत. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मराठी व्याकरण जड जाते, हे मी वर्गात रोज पाहते. समास आणि प्रयोग पक्के करायला यापेक्षा निवांत महिना मिळणार नाही.

सराव जास्त होतो आहे की नाही हे ओळखायचे मोजमाप सोपे आहे. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. दोनपर्यंत चालेल. त्याहून वाढले, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखले, तर कालचा व्यायाम जास्त झाला. तो कमी करावा. हे रोज वहीत लिहावे. सुरुवातीला व्यायामानंतर बर्फ कपड्यात गुंडाळून १५ मिनिटे ठेवला तर आराम पडतो.

पुन्हा मैदानावर

"आता बरे वाटते" एवढ्यावर धावायला लागू नये. अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही, हाड दाबून दुखत नाही आणि एका पायावर दहा उड्या सहज मारता येतात, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच सुरुवात करावी.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट हलके धावणे, दोन मिनिटे चालणे, असे सहा वेळा, एक दिवसाआड. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. मग हळूहळू सलग. आधी अंतर वाढवायचे, वेग नंतर, आणि दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही. १०० मीटरचा जोरदार सराव सर्वांत शेवटी. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्याऐवजी मातीचे, सपाट मैदान निवडावे. बूट स्वतःच्या मापाचे असावेत. तळ एका बाजूने झिजला असेल तर ते बूट बाजारहाटासाठी ठेवा.

दस्तरखानावर काय?

हाड रिकाम्या पोटी भरत नाही. वजन कमी करायचे म्हणून एक वेळचे जेवण सोडणाऱ्या मुली जखमी होण्याचा धोका वाढतो. नाचणीची भाकरी, दूध-दही, अंडी, डाळी, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी, मटण किंवा कलेजी, खजूर, यांतले जे परवडेल ते रोज असावे. जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, तासभर थांबावे. दुखणे वारंवार होत असेल तर रक्तातले व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. अंगभर पोशाख करणाऱ्या मुलींना ऊन कमी मिळते. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात थोडा वेळ हात-पाय उन्हात ठेवायला काही हरकत नाही.

आणि अम्मींसाठी एक खास गोष्ट. सरावाच्या काळात मुलीची पाळी दोन-तीन महिने चुकली, तर "मेहनतीने होते" म्हणून सोडून देऊ नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची आणि हाडे कमजोर होत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

रमजानमध्ये जोराचा सराव इफ्तारनंतर किंवा तरावीहनंतर ठेवावा. रोजात फक्त हलके ताणाचे व्यायाम करावेत. इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे.

घरातल्या मोठ्यांना

हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांबरोबर शर्यत लावली आणि जिंकली, नंतर एकदा त्या हरल्या, हे अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात नोंदलेले आहे. धावणे आपल्या मुलींना परके नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिचा गैरवापर जसा चूक, तसे तिला बंद करून ठेवणेही चूक.

म्हणून अब्बांना विनंती. मुलगी नडगी धरून घरी आली तर तिला "मग सोडून दे" म्हणण्याआधी भावाला जे विचारले असते तेच विचारा. कुठे दुखते, केव्हापासून, बूट कोणते आहेत, डॉक्टरकडे कधी जायचे? सहा आठवड्यांची तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर घरातली सायकल तिला द्या. आणि स्थळ घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना सांगा, "सध्या तिची परीक्षा आहे."