गुलमर्ग की औली?

पाचव्या सेमचं सबमिशन डोक्यावर आलं की आपल्या होस्टेलवर एक वाद हमखास पेटतो. हिवाळ्याच्या सुट्टीत बर्फावर जायचं तर कुठे, गुलमर्ग की औली? मेसमध्ये, गॅलरीत, अगदी लॅबबाहेर जर्नल घेऊन उभं असतानासुद्धा. पारा सोळावर आला की कानटोपी शोधणारी आपण ठाणे-डोंबिवलीकर मंडळी, पण स्कीइंगवरची मतं मात्र स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्यासारखी! असो. या वादात मलाही थोडं बोलायचं आहे.

पहिली गोष्ट कॅलेंडरची. आपल्याला सुट्टी मिळते ती डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला. काश्मीरचा कडाक्याचा चाळीस दिवसांचा थंडीचा काळ, ज्याला तिकडे चिल्लई कलां म्हणतात, तो सुरूच मुळी होतो २१ डिसेंबरला. म्हणजे आपण बर्फाच्या आधी पोहोचण्याचीच शक्यता जास्त. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं कुरण कोरडं ठणठणीत होतं, तर २०२३ च्या फेब्रुवारीत औलीच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. औलीला कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली आहेत हे खरं, पण वेट बल्ब तापमान शून्याखाली गेल्याशिवाय ती उपयोगाची नाहीत. (थर्मोवाल्यांनी इथे मान डोलवावी.)

अशा वेळी उंची कामाला येते. औलीचे उतार साधारण २५०० ते ३०५० मीटरवर. गुलमर्गचं कुरण २६५० मीटरवर असलं तरी तिथला गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या अंगावर ३९०० मीटरच्याही वर नेतो. खाली चिखल असला तरी वर बर्फ सापडण्याची आशा असते. फक्त वर बर्फ सापडला म्हणून आपण तिथून घसरायचं नाही! ते काम मुरलेल्यांचं. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीअर तिथल्या हिमस्खलनात गेले, आणि ते नवशिके नव्हते. आपण खालच्या सौम्य उतारावर पडायला शिकायचं. हो, पहिले दोन दिवस पडायलाच शिकवतात.

प्रवासाचं म्हणाल तर औली वाटते तितकी सोपी नाही. हरिद्वार-ऋषिकेशपर्यंत रेल्वे, पण तिथून जोशीमठ अडीचशे किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असं नदीच्या कडेकडेने जाण्यात अख्खा दिवस मोडतो. घाटात गाडी लागणाऱ्यांनी आपापली सोय करून ठेवावी. श्रीनगरला मात्र जून २०२५ पासून कटऱ्याहून वंदे भारत जाते, चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच पुलावरून. सिव्हिलवाल्यांना तेवढ्यासाठीसुद्धा तिकीट वसूल! पुढे गुलमर्ग पन्नास किलोमीटर.

आता मूळ मुद्दा. हा वाद बर्फाचा नाहीच, भीतीचा आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यातले तिघे आमच्या डोंबिवलीचे. भागशाळा मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरात ‘काश्मीर’ हा शब्द आज सहज निघत नाही. अशा घरातला मुलगा ‘मला नाही जमणार’ म्हणाला, की होस्टेलवर लगेच ‘फट्टू’ म्हणून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. लातूरहून, जळगावहून आलेल्या मित्रांनी इकडची ती उन्हाळ्याची सुट्टी डोळ्यासमोर आणावी, मग बोलावं. आणि तो घाबरतो ते उगाच, असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द गुलमर्गजवळच्या बोटापथरी भागात लष्कराच्या गाडीवर हल्ला झाला होता, त्यात जवानांबरोबर सामान वाहणारे स्थानिक हमालही गेले. बैसरनमध्येही एक स्थानिक घोडेवाला मारला गेला. ‘तिकडचे सगळे तसलेच’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

पण म्हणून ‘औली सेफ’ हे सर्टिफिकेट कोणी दिलं? ज्या जोशीमठावरून औलीला जायचं, ते गावच जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे. १९७६ मध्येच मिश्रा समितीने तिथे मोठी बांधकामं करू नका असं बजावलं होतं. ऐकलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये घरांना भेगा पडल्या, लोकांना राहती घरं सोडावी लागली आणि जोशीमठ-औली रोपवेसुद्धा बंद झाला. (औलीला जाणाऱ्यांनी बेत रोपवेच्या भरवशावर नाही, रस्त्याच्या भरवशावर आखावा.) गोळी दिसते म्हणून तिची भीती वाटते, खचणारी जमीन दिसत नाही म्हणून वाटत नाही, एवढाच फरक! सॉइल मेकॅनिक्स शिकून आपण असं बोलावं?

माझं मत विचाराल तर निव्वळ स्कीइंगसाठी गुलमर्ग. उंची आहे, भाड्याने सामान मिळतं, केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था तिथेच आहे. पण चौघांच्या ग्रुपमध्ये एकाच्याही घरून ठाम नकार असेल तर मुकाट्याने औली, आणि वाटेत त्याला एकही टोमणा नाही. घरी ‘माथेरानला चाललो’ सांगून गुलमर्ग गाठायचे काही प्लॅन माझ्या कानावर आहेत. तो प्रकार तर मुळीच नको. आईला टीव्हीवरच्या बातमीतून कळणं यापेक्षा वाईट काही नाही.

औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. आपल्या सुट्टीत सात दिवसांचा बसतो. नुसतं रोपवेने वर जाऊन, फोटो काढून, भाड्याचा गमबूट परत करून यायचं असेल तर एवढा प्रवास कशाला? त्यापेक्षा घाटकोपरच्या मॉलमधला बर्फ बरा, संध्याकाळी मेसला परत.

आणि ठरवायचं ते लवकर ठरवा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी उघडतं. डिसेंबरअखेरचं तिकीट म्हणजे ऑक्टोबरअखेरीस सकाळी आठला लॅपटॉपसमोर बसायचं. दिल्लीची राजधानी कल्याणला थांबते, सीएसएमटीपर्यंत बॅगा ओढत जायची गरज नाही.