चेंबरचा नट

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसहालाच ताईचा फोन आला. आमच्या वयात अशा वेळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. पण बातमी तशी काही नव्हती. "अरे, तुझा भाचा बिघडलाय," ताई म्हणाली. "त्या गाडीचं सर्व्हिसिंग म्हणे तो स्वतःच करणार. मोबाइलवर व्हिडिओ बघून! काल रात्री गाडीखाली घुसायला बघत होता. तू ये आणि समजाव त्याला."

मी समजवायला गेलो खरा, पण तीन आठवड्यांनी मीच त्या गाडीखाली आडवा पडलो होतो. मधल्या काळात काय झालं ते सांगण्यासारखं आहे. आपल्याही घरांतली मुलं आता बंगळूर-पुण्याच्या पगारातून अशा गाड्या घ्यायला लागली आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्याही दारात उभा राहणार आहे.

गाडी दोन दारांची, जर्मन, जमिनीला पोट घासत चालणारी, सेकंडहँड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे डीलरबद्दल दोन शब्द येणार आहेत. इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे. बोनेट उघडलं की नुसती बॅग ठेवायची जागा. ताईला पहिल्या दिवशी वाटलं होतं की पोराला फसवून बिनइंजिनाची गाडी विकली. या कंपनीचं वर्कशॉप इंदूरला नाही, म्हणजे साध्या सर्व्हिसिंगलाही गाडी ट्रेलरवर चढवून परगावी न्यायची. शिवाय डीलरनं पाठवलेलं इस्टिमेट सहा आकडी. भाच्यानं तो कागद माझ्यापुढे पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं पिथमपूरला मशिनं दुरुस्त केलीत. तुम्हीच सांगा, यातलं आपल्याला काय जमणार नाही?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण जमणार नाही असं मला १९८६ सालीही वाटलं नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. सगळे तिला फियाटच म्हणायचे. मी नुकता इंजिनिअर झालेलो. ओंकारेश्वरला जायचं ठरलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी ऑइल मी बदलतो म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं. उगाच गॅरेजवाल्याला पैसे कशाला? बदललंही. पण मध्येच कोणीतरी जेवायला हाक मारली आणि चेंबरचा नट हातानं फिरवलेलाच राहिला, पान्यानं आवळला नाही. दुसऱ्या दिवशी सिमरोल ओलांडून घाट सुरू झाला आणि ऑइलचा लाल दिवा लागला. मला वाटलं, वायर ढिली असेल. दोन वळणं पुढे गेलो आणि इंजिन जाम. गाडीत आई, आजी आणि ताई. आजीच्या मांडीवर देवाला न्यायचा नारळ. एका ट्रकवाल्यानं दोरी बांधून गाडी परत आणली. इंजिन उघडावं लागलं आणि वडिलांचे दोन महिन्यांचे पगार त्यात गेले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ही गोष्ट मी भाच्याला आजवर सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. ताई ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आम्ही आजवर समजत होतो की दगड लागून चेंबर फुटला!"

मग आम्ही इस्टिमेटच्या कागदावर पेन्सिल घेऊन बसलो. माझी कसोटी साधी होती. एखादं काम चुकलं तर नुकसान पैशांचं होईल की माणसाचं? पैशांचं असेल तर शिकायला हरकत नाही. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर, बॅटरी ही कामं घरी होतात. प्लग या गाडीत चाकाच्या बाजूनं आत हात घालून काढावे लागतात, म्हणजे कंबरेची परीक्षा, पण तेही होतं. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना हात लावायचा नाही. गिअरबॉक्सलाही नाही, कारण तिथलं ऑइल ठरावीक तापमानालाच मोजायचं असतं आणि ते तापमान स्कॅनरवर बघावं लागतं.

ब्रेक ऑइलवर भाचा अडला. "व्हिडिओत पंधरा मिनिटांत करतात, मामा." करतातही. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना किंवा जोरात पळवलेली गाडी पुन्हा पुन्हा थांबवताना ब्रेक तितके तापू शकतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पाय पार खाली जातो आणि गाडी पुढे. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी जवळजवळ तोच प्रकार. आणि हा पोरगा गाडी घेऊन कुठे जायची स्वप्नं बघतो? तर पिथमपूरच्या नॅट्रॅक्सवर. २०२१च्या जूनमध्ये तिथे ११.३ किलोमीटरचा लंबगोल हायस्पीड ट्रॅक सुरू झाला, तेव्हापासून इंदूरच्या पोरांच्या डोक्यात वेगाचं खूळ शिरलंय. मी म्हटलं, ट्रॅकवर जा बापड्या, पण ब्रेक मात्र ज्याचा तो रोजचा धंदा आहे त्याच्याकडून करून घे.

आता डीलरच्या वाटचे दोन शब्द. गाडीबरोबर आलेल्या जुन्या बिलांत स्पष्ट दिसत होतं की कूलंट आठच महिन्यांपूर्वी बदललंय. तरी इस्टिमेटमध्ये कूलंट होतं. 'इंजिन फ्लश' नावाची एक ओळ होती, ती गाडीच्या पुस्तकात कुठेच नाही. लबाडीच असेल असं मी म्हणत नाही. पुष्कळदा काउंटरवरचा मुलगा ठरलेली यादी छापून देतो. पण ती यादी गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघायचं काम आपलं आहे, आणि ते करायला पाना लागत नाही. भाच्यानं फोन करून विचारल्यावर दोन्ही ओळी निमूटपणे गळाल्या.

घरी काम केलं की कंपनी वॉरंटी नाकारते, अशी भीती बहुतेकांना असते. ही गाडी वॉरंटीबाहेरचीच होती, पण ज्यांची आत आहे त्यांच्यासाठी सांगतो. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकानं २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं फक्त आपल्या डीलरांनाच देतात, त्यामुळे बाहेरचा मेकॅनिक गाडी दुरुस्तच करू शकत नाही. आयोगानं चौकशीची कक्षा वाढवली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी मारुती-टाटापासून बीएमडब्ल्यू-मर्सिडीजपर्यंत १४ कंपन्यांना मिळून २५४४ कोटींवर दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, दुरुस्तीची माहिती द्या, आणि ग्राहक बाहेर गेला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. पुढे अपिलं झाली, न्यायालयं झाली, अपिलात गेलेल्या काहींचा दंड बराच उतरला. पण विषय दबला नाही. २०२२च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक विभागानं 'राइट टू रिपेअर'चं संकेतस्थळ उघडलं. व्यवहारात मात्र वॉरंटीतली गाडी असेल तर मी अजूनही डीलरकडेच जा म्हणेन. कायदा आपल्या बाजूनं असला तरी भांडायला लागणारा वेळ आपल्याच खिशातून जातो.

"आणि उद्या या कंपनीनं भारतातून गाशा गुंडाळला तर?" भाच्याचा प्रश्न. याचं उत्तर आपल्या इंदुरातच आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ड्यूसेनबर्ग एसजे मागवली होती, त्या काळची अमेरिकेतली अव्वल गाडी. चेसिस इंडियानापोलिसची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेली, सुपरचार्जर लावलेलं ६.९ लिटरचं इंजिन, ३२० हॉर्सपॉवर. आणि १९३७ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली. म्हणजे डीलर नाही, कारखाना नाही, इस्टिमेट पाठवायलाही कोणी नाही. तरी ती गाडी आजही शाबूत आहे. ज्यांच्या ज्यांच्या हाती ती आली, त्यांनी हातानं सांभाळली म्हणून. भाचा एवढा खूश झाला की जणू महाराजांनीच त्याला पाना उचलायची परवानगी दिली.

त्याचा उत्साह बघून मी एकच अट घातली. ऑइलचा डबा उघडण्याआधी गाडीचा चेसिस नंबर डीलरला कळवायचा आणि विचारायचं की या नंबरवर कंपनीचा एखादा रिकॉल बाकी आहे का. आमच्या कारखान्यात मशिन दुसऱ्या विभागातून आलं की आधी त्याची फाइल मागायची सवय होती, त्यातलाच हा प्रकार. मला स्वतःला त्यातून काही निघेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एअरबॅगचा रिकॉल बाकी होता.

टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण काहींनी वाचलं असेल. जगभरातल्या कोट्यवधी गाड्या त्यापायी परत बोलवाव्या लागल्या. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं ते बिघडतं. मग अपघाताच्या क्षणी ते प्रमाणाबाहेर जोरात पेटतं, धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. साध्या धडकेत वाचू शकली असती अशी माणसं या तुकड्यांनी गेली आहेत. भाच्याची गाडी मुंबईच्या समुद्राकाठी कित्येक पावसाळे काढून आली होती. पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेली असणार. आणि पोरगा चार महिने ते स्टिअरिंग छातीसमोर धरून फिरत होता.

हे काम फुकट होतं. रिकॉलच्या कामाचे पैसे ग्राहकानं द्यायचे नसतात, गाडी कितव्याही हाताची असो. मी ताईला फोन केला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि हे त्या व्हिडिओत नव्हतं?" नव्हतं. कसं असणार? व्हिडिओतल्या माणसासमोर त्याची गाडी असते, आपली नसते. मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं ती गाडी वरून-खालून तपासली असती तरी मलाही ते दिसलं नसतं. ते फक्त कंपनीच्या नोंदवहीत होतं आणि त्या नोंदवहीची खिडकी डीलरकडे.

तर गाडी ट्रेलरवर चढलीच. एअरबॅग झाली, आणि तिथवर गेलीच आहे तर ब्रेक ऑइलही पैसे देऊन करून घेतलं. डीलरच्या माणसानं डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या कडेची झीज दाखवली आणि अलाइनमेंटही करून दिलं. तो माणूस चांगला होता, हेही लिहायला हवं.

गाडी परत आल्यावरच्या रविवारी आम्ही ऑइल बदललं. आधी भाच्याला नियम सांगितला की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली केसही जाऊ द्यायचा नाही. खाली घोड्या लावायच्या, त्याही पुस्तकात दाखवलेल्या जागीच, आणि मग गाडी हलवून बघायची. गाडी इतकी खाली की जॅकच आत जाईना. शेवटी लाकडी फळ्यांवर चाकं चढवली तेव्हा जागा झाली. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढण्यातच अर्धा तास गेला. आमच्या स्विफ्टला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, या बाईसाहेबांना जवळजवळ आठ. डब्यावरचा मंजुरीचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो ना, ते भाच्यानं दोनदा वाचलं. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलं. ते नालीतही जाणार नाही आणि सकाळच्या कचरागाडीतही नाही. कोपऱ्यावरचे उस्ताद रिसायकलवाल्याकडे देतात, त्यांच्याकडे पोचवलं. उस्ताद आमच्या काळ्या हातांकडे बघून हसले. "भाईसाब, मेरी दुकान बंद कराओगे क्या?"

चेंबरच्या नटाला नवा वायसर घातला. पुस्तकात ५० न्यूटन-मीटर लिहिलं होतं, तेवढ्यावर टॉर्क रेंच लावला. अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये कमी आवळलं तर गळती आणि जास्त आवळलं तर आटे जातात, म्हणून अंदाजपंचे कारभार नको. मी खाली आडवा, भाचा शेजारी बॅटरी धरून. तेवढ्यात वरून ताईची हाक आली, "जेवायला या रे, वरणभात गार होतोय!"

"दोन मिनिटं," भाचा ओरडला, आणि मला म्हणाला, "मामा, आधी नट."

रेंचनं कट् असा आवाज दिला. त्यानं वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा नंबर आणि वायसर नवा घातल्याची नोंद केली. मग गाडीखाली एक स्वच्छ पांढरा पुठ्ठा सरकवून आम्ही हात धुतले.

मी त्या रात्री ताईकडेच राहिलो. दोनच्या सुमारास जाग आली, झोप काही येईना. मोबाइलचा दिवा लावून हळूच खाली उतरलो, तर भाचा आधीच गाडीपाशी उकिडवा बसलेला.

"कोरडा आहे," तो म्हणाला.