लकवा मारलेल्या माणसाला पाणी पाजू नका!

"घसा कोरडा पडला होता, म्हणून दोन चमचे पाणी पाजलं." लकव्याच्या रुग्णाचे नातेवाईक हे नेहमी सांगतात. त्यामागची माया खरी आहे. पण त्या दोन चमच्यांनी जीव जाऊ शकतो, हे आता स्पष्ट बोललेच पाहिजे.

गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. काहीतरी वर सरकलेले जाणवेल. ते तुमचे स्वरयंत्र. एका घोटामागे स्नायूंच्या 25 हून अधिक जोड्या राबतात. जीभ घास मागे ढकलते, मऊ टाळू नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर सरकते, त्यावरचे झाकण झुकते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. त्याच वेळी अन्ननलिकेच्या तोंडाशी आवळलेला स्नायू सैल होतो. घशातले हे सारे काम साधारण एका सेकंदात उरकते.

हा ताळमेळ मेंदू राखतो. लकव्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांत तो बिघडतो. मग पाणी, दूध किंवा पेज श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. पातळ पदार्थ वेगाने घसरतो, म्हणून पाण्याचा धोका जास्त. "ठसका लागला नाही, म्हणजे नीट गिळलं," असे समजू नका. अनेकांना ठसका लागतच नाही.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतील मृत्यूंची नोंद ठेवली. सातातला एक मृत्यू लकव्याने झाला होता, आणि त्यातले बहुतेक घरीच.

"पण उपाशी कसं ठेवायचं?" काही तास पोटात काही न गेल्याने लकव्याचा रुग्ण दगावत नाही. गरज पडली तर सलाइन आहे, नाकातून नळी आहे. म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. रुग्ण गुंगीत असेल तर कुशीवर ठेवा. पाणी नाही, चहा नाही, गोळीही नाही.

दोष फक्त घरच्यांचा नाही. गिळणे न तपासता "खायला द्या" म्हणून रुग्णाला घरी धाडणारे आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. म्हणून सुट्टी घेण्याआधी आम्हाला विचारा, "यांचं गिळणं तपासलं का?" उत्तर मिळेपर्यंत हलू नका.