बचतीचा वार

आमच्या बुऱ्हाणपुरात वस्त्यांनाच वारांची नावे आहेत. शनवारा, इतवारा, बुधवारा. पत्ता सांगताना ही नावे आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पण वाराचे आणि पैशाचे काही नाते असते, हा विचार आमच्या मनात प्रथम आला तो गेल्या आषाढात, बुधवाऱ्यातील एका शेजाऱ्याच्या मुलामुळे.

मुलगा २३ वर्षांचा, निर्व्यसनी, कामसू. एका दुकानात हिशेब लिहितो. दर शनिवारी ३,५०० रुपये हाती येतात. एके रात्री त्याच्या आईला अकस्मात इस्पितळात न्यावे लागले. घरात शोधाशोध केली तेव्हा सारे मिळून ७०० रुपये निघाले. मग त्याच रात्री शेकडा ३ रुपये दरमहा व्याजाने १०,००० रुपये उचलावे लागले. आई बरी होऊन घरी आली. कर्ज मात्र तिच्यामागोमाग घरी आले आणि मुक्कामाला राहिले.

"काका, दुसऱ्याचा पै-पैचा हिशेब मी लिहितो, माझा पगार कुठे जातो हे मात्र मला सांगता येत नाही," असे तो म्हणाला. आम्ही कागद घेऊन बसलो. फोनचा हप्ता, दुचाकीचा हप्ता, पेट्रोल, घरखर्च, मित्रांबरोबरचे खाणेपिणे. प्रत्येक खर्चाला दिवस ठरलेला होता. बचतीला तेवढा नव्हता. "ती केव्हा करतोस?" असे विचारता तो ओशाळून म्हणाला, "उरले तर."

वाचकहो, 'उरले तर' या दोन शब्दांतच सारी गोम आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून शिकत. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. ज्या घरी त्याचा वार असे, तेथील गृहिणी 'अन्न उरले तर वाढू' असे म्हणत नसे. तांदूळ धुतानाच त्याची मूठ मोजलेली असे. बचतीलाही घरात असाच मानाचा वार हवा. पगार हाती येताच तिचा वाटा प्रथम बाजूला निघावा आणि उरलेल्यात संसार बसवावा.

हा वाटा लहान असला तरी चालेल. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्या गावाने प्रत्यक्ष बांधून दाखविली आहे. सातपुड्यातून झिरपत तापीकडे निघालेले पाणी जमिनीखालीच अडवून शहराला देणारा कुंडी भंडारा १६१५ साली अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात उभा राहिला. शंभरावर कुंड्या आणि त्यांना जोडणारे भुयार. पाणी उताराने आपोआप वाहत येते. वाहून जाणारे आधी अडवायचे, एवढेच त्याचे शास्त्र.

आता थोडे गणित. वार्षिक ६ टक्के दर, दरमहा चक्रवाढ, असे धरून चालू. विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत महिना ५०० रुपये टाकणाऱ्याचे २ लाख ४० हजार जमा होतात आणि त्याचे सुमारे १० लाख होतात. तिसाव्या वर्षी आरंभ करणारा १ लाख ८० हजार भरतो; त्याचे होतात सुमारे ५ लाख. भरणा ६० हजारांनीच कमी, पण फळ निम्मे! हेच चक्र कर्जात उलटे फिरते. शेकडा ३ दरमहा चक्रवाढीने घेतलेले १०,००० दोन वर्षांत २०,००० च्या वर जातात. म्हणून ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे, त्याने ते फेडणे हीच त्याची पहिली बचत. त्यानंतर तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी राहील एवढी गंगाजळी, आणि मग पुढचे बेत.

पैसा ठेवावा कोठे? डाकघरात १८८२ पासून बचत खाते आहे. तेथील पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते. बँकेतील ठेवींना २०२० पासून प्रत्येक बँकेमागे ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आपल्याकडच्या भिशीने अनेक घरांची लग्ने आणि शिक्षणे पार पाडली, हे खरे. परंतु तिचा आधार केवळ परस्परांचा विश्वास असतो, तिला विमा नसतो. आणि वर्षभरात दुप्पट करून देतो असे जो सांगेल, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. त्या मुलाला आम्ही विचारले, "घरी कधी पैशाचे बोलणे होत असे का?" तो म्हणाला, "मी आलो की बाबा वही मिटत." हे ऐकून आम्हीही मान खाली घातली, आमच्या घरी तरी निराळे काय होते? मुलांना झळ लागू नये म्हणून आपण वही मिटतो आणि पुढे त्यांना चटकाच बसतो. दहा वर्षांवरील मुलाला आज बँकेच्या अटींत राहून स्वतःचे बचत खाते स्वतः चालविता येते. ते उघडून द्यावे. एखाद्या दिवाळीचा बाजार ठरावीक रकमेत त्यालाच करू द्यावा. चुकू द्यावे, दहाव्या वर्षीची चूक पन्नास रुपयांत आटोपते.

त्या मुलाने शनिवार हाच वार धरला. दर शनिवारी ५०० रुपये आधी बाजूला. पौषात कर्ज फिटले. ते सांगायला तो पेढे घेऊन आला, तेव्हा आम्ही विचारले, "आता शनिवार मोकळा झाला म्हणायचा?"

"नाही काका," तो म्हणाला, "आता तो आईच्या नावाचा आहे."