दोडामार्गचे बिल, डिचोलीचे बिल

दोडामार्ग आणि डिचोली हे शेजारचे तालुके. सोयरिकी दोन्हीकडे, तिळारीचे पाणी दोन्हीकडे. वीजबिल मात्र हद्द ओलांडली की बदलते. तेवढ्याच युनिटांना गोव्यातल्या घराला महाराष्ट्रातल्या घरापेक्षा बरेच कमी पैसे पडतात. ‘आम्हीच जास्त का भरायचे?’ हा सिंधुदुर्गातल्या ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे.

गोव्याचे स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. कोरबा, विंध्याचलसारख्या केंद्रीय प्रकल्पांतून त्याला वाटा मिळतो आणि त्यांतल्या जुन्या संचांचा भांडवली खर्च बराचसा फिटला आहे. राज्य लहान, तारा आखूड आणि शेतीपंपांचा भार अगदी थोडा. म्हणून तिथला दर खाली राहतो.

दर नुसत्या अंतरावर ठरत असता, तर सर्वांत स्वस्त वीज चंद्रपूरला मिळाली असती. २,९२० मेगावॉटचे केंद्र दाराशी, कोळसा शेजारच्या खाणींतला आणि राख थेट अंगणात. तरीही महावितरणचा घरगुती दर पुण्याला जो, तोच चंद्रपूरला. राज्यभर एक दर हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. गडचिरोलीतल्या दूरच्या पाड्यापर्यंत तार नेण्याचा खर्च त्या पाड्यानेच सोसावा, असे कोण म्हणेल? पण मग राख सोसणाऱ्यांचेही काही देणे लागते आणि ते आजवर कोणत्याच बिलात उमटलेले नाही. मुंबईत तर हे एक दराचे तत्त्वही लागू नाही. कुलाब्याला बेस्ट, अंधेरीला अदानी किंवा टाटा, मुलुंडला महावितरण. प्रत्येकाची वीजखरेदी वेगळी आणि दरही वेगळा.

महाराष्ट्राच्या बिलाचे खरे ओझे शेतीपंपांच्या हिशेबात आहे. शेतकऱ्याला स्वस्त वीज मिळालीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणाऱ्याला त्या विजेचे मोल कोणी सांगायला नको. अडचण वेगळीच आहे. लाखो पंपांना मीटर नाही. त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. तो अंदाज जितका फुगेल, तितकी आकडे टाकून झालेली चोरी आणि तारांमधली गळती त्याखाली झाकली जाते. नियामक आयोगानेच मागे महावितरणने दाखवलेला शेतीचा वापर कमी धरून गळती वाढवून मांडली होती. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर चढवलेली वीज त्याच्या पिकाला मिळालीच नव्हती. तिचा भार कारखानदार, दुकानदार आणि जास्त युनिटे वापरणारी घरे उचलत आली. घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क आहे, ते निराळेच.

२००३ च्या वीज कायद्याचे ६५ वे कलम स्पष्ट आहे : सवलत सरकारला द्यायची असेल, तर तिची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे आणि तिचे पैसे तिजोरीतून द्यायचे आहेत. हा मार्ग योग्यच, कारण अर्थसंकल्पातल्या खर्चावर विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. पण वापरच मोजलेला नसेल, तर तिजोरीने नेमके कशाचे पैसे भरायचे? सौर कृषी वाहिन्यांमुळे दिवसा वीज मिळू लागली आहे. शेतीचे फीडर वेगळे होत आहेत, तिथे तरी मोजमापाला सबब उरू नये.

प्रत्येक फीडरवर आणि रोहित्रावर चालू मीटर हवा. त्या भागात किती वीज सोडली आणि किती विजेचे पैसे आले, हे ग्राहकाच्या बिलावर मराठीत छापले जावे. महावितरणच्या पुढच्या दरप्रस्तावावरील सुनावणीत आयोगाने हे आकडे आधी मागावेत. दरवाढीची चर्चा त्यानंतर.